म्यानमारमधली लष्करशाही

म्यानमार म्हणजे आपला जुना ब्रह्मदेश, टिळकांचं मंडाले तिथलंच. या देशात १९६२ पासून बहुतेक काळ सत्ता लष्कराच्या हातात राहिलीये, मधे जी काही वर्षं लोकनियुक्त सरकार आलं तेही अर्धमुर्धंच. तिथल्या लष्कराला तातमादॉ म्हणतात.

२ मार्च १९६२ ला जनरल ने विननी पंतप्रधान ऊ नू यांचं सरकार उलथवलं आणि स्वतःच्या पद्धतीचा समाजवाद सुरू केला. बँका, गिरण्या, अगदी दुकानंसुद्धा सरकारजमा, त्यात भारतीय वंशाच्या लोकांचे धंदे बुडाले आणि लाखो लोक जवळपास रिकाम्या हाताने इकडे परत आले. पण खरा कहर नोटांचा. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्यातच्या (क्यात म्हणजे तिथलं चलन) नोटा एका दिवसात बाद, बदलूनही मिळणार नाहीत, आणि नवीन काढल्या त्या ४५ आणि ९० च्या, का तर ९ आकडा ने विनना लकी वाटायचा म्हणे. आता ४५ ची नोट देऊन सुट्टे परत मागायचे म्हणजे भाजीवालीने गणित कसं करायचं!

लोकांची साठवलेली पुंजी अशी गेल्यावर भडका उडणारच होता. ८ ऑगस्ट १९८८ ला देशभर लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, खूप माणसं मेली, ने विन आधीच पायउतार झाले होते तरी १८ सप्टेंबरला लष्कराने पुन्हा उघडपणे ताबा घेतला. १९९० ला निवडणूक घेतली, लोकशाहीसाठी लढणाऱ्या नेत्या आंग सान सू ची यांचा पक्ष दणक्यात जिंकला, पण सत्ता काही दिली नाही.

नंतर जनरल लोक हुशार झाले. २००८ च्या घटनेत संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला राखीव, आणि घटनेतली महत्त्वाची कलमं बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतं लागणार, म्हणजे त्यांच्या मर्जीशिवाय काही हलणारच नाही. वर संरक्षण, गृह आणि सीमा या तीन खात्यांचे मंत्री लष्करप्रमुखच ठरवणार. २०१५ ला सू ची जिंकल्या आणि २०१६ ला सरकारात आल्या ते याच चौकटीत.

१ फेब्रुवारी २०२१ ला तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आंग लाइंगनी सत्ता थेट ताब्यात घेऊन तीही चौकट मोडली. त्या सकाळी राजधानी नेपिडॉमध्ये एक बाई एरोबिक्सचा व्हिडिओ शूट करत होती आणि तिच्या पाठीमागून संसदेकडे काळ्या गाड्यांचा ताफा चाललेला, तिला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता यांगूनमध्ये (जुनं रंगून) घराघरातून लोक निषेध म्हणून पातेली बडवायला लागले, तिकडे भूत पळवायला तसंच करतात.