घरात कुणी गरोदर असेल तर फवारणीची तारीख ठरवण्याआधी सांगा

आम्ही घरातल्या कीटकांचा बंदोबस्त (पेस्ट कंट्रोल) करतो. आमच्याकडे एक फोन नेहमी येतो. "सून परवा बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून येतेय, उद्या सगळं घर मारून द्या." मुलगी बाळंतपणासाठी माहेरी यायची असली तरी आदल्या दिवशी असाच निरोप असतो. बाळासाठी घर स्वच्छ हवं हे बरोबरच आहे, पण वेळ नेमकी उलटी निवडली जाते. फवारणी करायचीच असेल तर ती काही आठवडे आधी, गरोदर बाई त्या घरात राहत नसताना करून घ्या. आदल्या दिवशी आम्ही पंप चालवत नाही. यावरून काही ग्राहक नाराज होतात, म्हणून कारण लिहून देतो.

शेतात मारलेलं औषध ऊन-पावसाने उतरतं. घरात ते लादीच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत, कपाटामागच्या धुळीत कितीतरी आठवडे टिकतं. रांगणारं बाळ त्याच लादीवर हात घासतं आणि तोच हात तोंडात घालतं. वजनाच्या मानाने ते मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि काही कीटकनाशकं निकामी करणारी शरीरातली यंत्रणा त्याच्यात अजून पुरती तयार झालेली नसते. पोटातलं बाळही सुटत नाही, कारण यातली बरीच औषधं वारेतून पलीकडे जातात.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गरोदर बायकांची नोंद ठेवून त्यांच्या मुलांवर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं. जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक जास्त सापडलेल्या मुलांची स्मरणशक्ती आणि बुद्ध्यांक सातव्या वर्षी कमी भरले. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. घरगुती वापरातून ते औषध काढायचं अमेरिकेने २००० सालीच ठरवलं होतं. आपल्याकडे वाळवीसाठी ते अजून वापरलं जातं. म्हणून घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर वाळवीचं ड्रिलिंग (भोकं पाडून आत औषध सोडणं) आम्ही पुढे ढकलतो, मग काम हातचं गेलं तरी चालेल.

आता खरी अडचण. तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याचं बाहेर सांगायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. पण बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची पहिली घडण त्याच काळात होते. मग आमचा माणूस पंप घेऊन दारात उभा राहतो आणि आजी त्याला हळूच बाजूला घेऊन सांगतात. तो परत येतो, तुमची रजा वाया जाते, त्या दिवसाचं दुसरं काम बुडतं. फोनवर "घरात जपायचंय" एवढं म्हणा. आम्ही पुढे काही विचारत नाही आणि सोबत फक्त जेल पाठवतो.

झुरळांसाठी जेल पुरतं. ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रिजच्या मागे मोहरीएवढे ठिपके लावतो. भांडी काढावी लागत नाहीत, हवेत काही उडत नाही. बरेच जण याला हर्बल म्हणून विकतात, आम्ही म्हणत नाही. त्यात फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, म्हणजे तेही कीटकनाशकच. फरक इतकाच की ते अगदी थोडं असतं आणि बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी असतं. जेल खाल्लेलं झुरळ लपणात जाऊन मरतं आणि त्याला खाणारी दुसरीही मरतात, म्हणून दहा-पंधरा दिवस धीर धरा. दोन झुरळं दिसली म्हणून दुकानातला स्प्रे मारू नका. स्प्रे लागलेल्या जेलला झुरळं तोंड लावत नाहीत, आणि जे टाळण्यासाठी जेल घेतलं तेच पुन्हा हवेत येतं. स्प्रे मारल्यावर आलेल्या तक्रारीसाठी फेरीचे पैसे लागतात, ते याचसाठी.

"ते जुनं उग्र वासाचं मारा," असं ज्येष्ठ मंडळी सांगतात. ते डीडीव्हीपी, म्हणजे डायक्लोरव्हॉस. २०२० च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे. बिनवासाचं औषध मागणाऱ्यांनाही सांगतो, वास नसला म्हणजे औषध सौम्य असतं असं नाही. गव्हात ठेवायच्या फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नका, त्यांच्या वायूने जीव जातो.

ढेकणांचं काम जेलने होत नाही. आम्ही वाफेचं मशीन लावतो आणि चादरी कडकडीत गरम पाण्यात धुवायला सांगतो. वेळ जास्त जातो, पैसेही जास्त पडतात. फवारणीच हवी असेल तर गरोदर बाई काही आठवडे माहेरी असताना करून घ्या आणि परतण्याआधी लादी दोन-तीनदा साबणाच्या पाण्याने पुसा.

डासांच्या बाबतीत मात्र हयगय नको. गरोदरपणात मलेरिया आणि डेंगी दोन्ही धोक्याचे. कॉइलच्या धुरापेक्षा खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी बरी. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडा करा. खिडकीच्या जाळीचं मापही आम्ही घेतो.

फवारणी होऊन गेल्यावर दिवस गेल्याचं कळलं, तर घाबरून जाऊ नका. वरचा अभ्यास रक्तात जास्त प्रमाण सापडलेल्या मुलांचा आहे. खिडक्या उघड्या ठेवा, लादी दुसऱ्या कुणाकडून पुसून घ्या आणि बिल घेऊन डॉक्टरांकडे जा. आमच्या प्रत्येक बिलावर औषधाचं नाव, टक्केवारी आणि तारीख असते. दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलं असेल तर त्यांच्याकडूनही हे लिहून मागा.