पार्श्वभूमी : तोंडी हिशेब कधीपासून सुटला?

'मोबाईलनं पोरांची डोकी चालेनाशी केली' ही तक्रार जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये घरोघर ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण तोंडी हिशेब मोबाईलच्या कितीतरी आधी सुटू लागला होता.

पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्ध्या, सव्वा आणि दीड पटीचे पाढे व्यवहाराला बांधलेले होते. रुपयाचे 16 आणे, शेराचे 16 छटाक, म्हणजे सगळं निम्मं-निम्मं होत खाली येणारं. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले, 1958 पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले. सोय झालीच, पण पावकीला रोजचं काम उरलं नाही. मग कॅलक्युलेटर आला, पाठोपाठ रक्कमही दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा. 2016 नंतर यूपीआयमुळे सुटे परत देणं कमी झालं. शंभरातून अडुसष्ट गेले किती, हा सराव गल्ल्यावर फुकट होत होता.

या सगळ्यात जास्त गाजला तो 2019 चा निर्णय. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेपन्न'च्या जोडीला 'पन्नास तीन' आलं आणि वाद विधिमंडळापर्यंत गेला. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की त्रेपन्न म्हणताना तीन आधी कानावर पडतात, मूल 35 लिहून मोकळं होतं. हे खरंच आहे. मोबाईलवरही बोट आधी 5 वरच जातं, बोलण्याचा आणि दाबण्याचा क्रम उलटा पडतो. तरीही जुन्या नावांचं पारडं जड वाटतं. 'सात सत्ते एकोणपन्नास' तालावर पाठ होतं, 'सात सत्ते चाळीस नऊ' अडखळतं. शिवाय एकोणपन्नास या नावातच पन्नासातून एक वजा केलेला आहे. तो विचार मुलाला आयता मिळतो, तो का सोडायचा?

नावं सुटली की काय होतं, ते भुसावळच्या बाजारात दिसलं. भरिताची वांगी 60 रुपये किलो, गिऱ्हाइकानं सव्वा किलो मागितली. आजीनं वजन केलं, नातवानं मोबाईलवर 60 गुणिले 1.5 केलं आणि 90 सांगितले. आजी तराजू न सोडता म्हणाली, ''सव्वा किलोचे नव्वद कसे होतीन रे? पंच्याहत्तर घे.'' यंत्र चुकलं नव्हतं. पोराला सव्वा आणि दीड यांतला फरक ठाऊक नव्हता, म्हणून नव्वद जास्त होतात हेही त्याला खटकलं नाही.

कॅलक्युलेटरवरच्या 79 अभ्यासांचा एकत्रित आढावा 1986 साली अमेरिकेत निघाला. नेहमीच्या शिकवण्याला कॅलक्युलेटरची जोड दिली तर कागदावरची आकडेमोड बिघडत नाही, उलट सुधारते, असं त्यात आढळलं. अपवाद एकाच इयत्तेचा होता, चौथीचा. आपल्याकडे 2020 च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर भरली, तेव्हा पहिली-दुसरीतल्या, पाढे अजून पाठ व्हायचे असलेल्या मुलांच्याही हातात तो आला.