मार्केटिंग परिषदेला जाताना : भेटी, नोंदी आणि परतल्यानंतरचे काम

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जाहिरात आणि विक्रीविषयक सल्ल्यासाठी आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक अधूनमधून एखाद्या मार्केटिंग परिषदेला जातात. नोंदणी शुल्क, प्रवास आणि मुक्काम यांवर खर्च होतो आणि कामाचे दिवसही जातात. परतताना मात्र व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा, मोबाइलमध्ये स्लाइडचे ढीगभर फोटो आणि खूप काही ऐकल्याचे समाधान, यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. महिनाभरानंतर त्या गठ्ठ्यातील निम्मे चेहरेही आठवत नाहीत. मोजक्या लोकांशी नीट बोलावे, ऐकलेल्या दाव्यांपैकी आपल्या व्यवसायात तपासून पाहता येईल असा एखादाच निवडावा आणि हे सर्व त्याच दिवशी लिहून ठेवावे, असा आमचा आग्रह असतो. तो कशासाठी आणि प्रत्यक्षात कसा पाळावा, हे या पत्रकात मांडले आहे.

जाण्यापूर्वी

परिषदेला निघण्याआधी आपल्या व्यवसायापुढील एक प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘नवीन कल्पना मिळवणे’ हा प्रश्न नव्हे, कारण त्याचे उत्तर मिळाले की नाही हे कधीच ठरवता येत नाही. ‘पहिली खरेदी करणारे ग्राहक दुसऱ्यांदा का येत नाहीत’ किंवा ‘जाहिरातीवरील खर्च वाढवूनही चौकशा का वाढत नाहीत’ हे प्रश्न उपयोगी आहेत, कारण कोणते सत्र ऐकायचे, कोणाला भेटायचे आणि समोरच्याला काय विचारायचे हे त्यांवरून आपोआप ठरते.

वेळापत्रक हाती आल्यावर सत्रांचे ध्वनिचित्रमुद्रण किंवा स्लाइड नंतर मिळणार आहेत का, याची आयोजकांकडे चौकशी करावी. मिळणार असतील तर ती भाषणे नंतरही ऐकता येतात, परंतु त्या वेळी बाहेर उभी असलेली माणसे नंतर भेटत नाहीत. त्यामुळे अशा एक-दोन सत्रांचा वेळ बिनदिक्कत भेटींसाठी राखून ठेवावा. प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या कार्यशाळा मात्र चुकवू नयेत. ज्या वक्त्याशी बोलायचे आहे, त्याला आधीच दोन ओळींचा मेल पाठवलेला बरा, कारण भाषण संपल्यावर त्याच्याभोवती गर्दी होते आणि कोणाचेच बोलणे धड होत नाही. एकाच कंपनीतून दोघे जाणार असतील तर त्यांनी सत्रे वाटून घ्यावीत आणि जेवायला एकत्र बसू नये.

भेटी

ही शेवटची सूचना अनेकांना कठोर वाटते, पण तिला आधार आहे. कोलंबिया विद्यापीठातील पॉल इंग्रॅम आणि मायकेल मॉरिस या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, व्यवसायातील लोकांच्या स्नेहमेळाव्यात प्रत्येकाला इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावून कोण कोणाशी बोलते याची नोंद घेतली होती. नव्या ओळखी करून घेण्याचा हेतू लोकांनी आधी सांगितला होता, तरीही प्रत्यक्षात त्यांचा ओढा ओळखीच्या माणसांकडेच राहिला. अनोळखी गर्दीत ओळखीचा चेहरा दिसला की पाय तिकडे वळतात, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून नव्या माणसांना भेटण्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी लागते, ती तिथे गेल्यावर आपोआप सापडत नाही.

नव्या माणसांचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले की, जवळची माणसे आपल्याच वर्तुळात वावरत असल्यामुळे त्यांच्याकडील माहिती बहुधा आपल्यालाही असतेच, तर जुजबी ओळखीची माणसे वेगळ्या वर्तुळांतील नवी माहिती आणून देतात. लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही, नोकरी बदलण्यासाठी फार घट्टही नाहीत आणि अगदीच नावापुरत्याही नाहीत अशा ओळखी सर्वाधिक उपयोगी ठरल्या. हे निष्कर्ष नोकरीसंबंधीचे आहेत, ते विक्रीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही आपल्या क्षेत्राबाहेरच्या, पण आपल्यासारखीच अडचण असलेल्या माणसाशी झालेले बोलणे प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या बोलण्यापेक्षा अधिक मोकळे असते आणि त्यातून अधिक हाती लागते, असे आम्हाला वाटते.

बोलण्याची सुरुवात ‘आपण काय करता?’ या प्रश्नाने केली की समोरून पाठ केलेले उत्तर येते. त्यापेक्षा नुकत्याच संपलेल्या सत्राचा धागा धरावा. ‘आत्ता जे ऐकलं, त्यातलं तुमच्याकडे काही लागू पडेल का?’ असे विचारल्यावर माणूस स्वतःच्या कामाबद्दल विचार करून बोलू लागतो. उत्तर आल्यावर लगेच आपली कहाणी सुरू करू नये. त्याने म्हटले की ‘आम्ही ई-मेल पाठवणं निम्म्यावर आणलं,’ तर ‘निम्म्यावर आणायचं कशावरून ठरवलं?’ हा पुढचा प्रश्न विचारावा, आणि त्याचेही उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, संभाषणात अधिक प्रश्न, विशेषतः आधीच्या उत्तरातून निघालेले प्रश्न, विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात. आपल्या दृष्टीने त्याहून मोठा लाभ असा की, खरी माहिती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरात असते.

संभाषण थांबवण्याचाही संकोच करू नये. ‘आपल्याशी बोलून आनंद झाला. मला पुढच्या सत्राआधी आणखी एकांना गाठायचं आहे, त्या विषयाबद्दल उद्या मेल करतो,’ एवढे सरळ सांगितले की कोणी दुखावत नाही. कॉफीच्या टेबलाजवळ किंवा ध्वनिक्षेपकाखाली उभे राहू नये, तिथे दोघांनाही ओरडून बोलावे लागते.

कार्डांबाबत आम्ही ग्राहकांना नेहमी बजावतो की, कोणी कार्ड दिले म्हणजे त्याने जाहिरातीच्या मेलना संमती दिली असे होत नाही. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहितीसंरक्षणाच्या नियमांनुसार व्यक्तिगत माहिती वापरण्यासाठी संमतीसारखा कायदेशीर आधार असावा लागतो, आणि असे कायदे आता अनेक देशांत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्याशी दहा मिनिटे आपुलकीने बोललो त्याला आठवड्याभरात सर्वांना जाणारा जाहिरातीचा मेल येणे हा त्या भेटीचा अपमान आहे. हीच गोष्ट उलट बाजूनेही लक्षात ठेवावी. स्टॉलवर आपल्या बॅजवरील क्यूआर कोड स्कॅन होतो, तेव्हा आपली माहिती त्या कंपनीकडे जाते, म्हणून नको असेल तिथे शांतपणे नाही म्हणावे.

नोंदी

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीची परीक्षा घेतली आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि नंतर मंदावतो, असे त्याला आढळले. परिषदेतील भाषणे निरर्थक नसतात हे खरे, परंतु दिवसभरात एकामागून एक सत्रे ऐकल्यावर कोणते वाक्य कोणाचे होते हे संध्याकाळपर्यंत गोंधळात पडतेच. म्हणून नोंदी आवरण्याचे काम मुक्कामी परतल्यावर झोपण्यापूर्वी व्हावे, प्रवासातून घरी आल्यावर नव्हे.

वहीत लिहावे की लॅपटॉपवर, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. हाताने लिहिणाऱ्यांना विषय अधिक समजतो, असा निष्कर्ष २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात निघाला होता, मात्र नंतरच्या पडताळण्यांत तो फरक सातत्याने दिसला नाही. टंकलेखन करणारी माणसे वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवत जातात, हे मात्र पुन्हा दिसून आले. तेव्हा साधन कोणतेही चालेल, वाक्य आपले असावे. स्लाइडचा फोटो फक्त आलेख किंवा तक्ता असेल तरच काढावा आणि तो का काढला याची एक ओळ लगेच लिहावी, नाहीतर तो फोटो पुन्हा उघडला जात नाही.

पानाचे उभे दोन भाग करावेत, डावीकडे वक्ता काय म्हणाला ते आणि उजवीकडे त्याचा आपल्याशी संबंध. उदाहरणार्थ, डावीकडे ‘चौकशीच्या फॉर्ममधील रकाने कमी केल्यावर चौकशा वाढल्या’ असे असेल, तर उजवीकडे ‘आपल्या फॉर्ममध्ये नऊ रकाने. पत्ता आणि पदनाम खरोखर लागतात का? विक्री विभागाला विचारणे. वाढलेल्या चौकशांपैकी खऱ्या किती, हे वक्त्याने सांगितले नाही’ असे असावे. उजवा भाग रिकामा राहत असेल तर ते सत्र आपल्यासाठी नव्हते, एवढा बोध घेऊन पुढे जावे. भेटीची नोंदही अशीच करावी : कुठे भेटलो, त्यांची अडचण काय, आपण काय पाठवायचे कबूल केले.

ऐकलेले दावे पारखणे

या विषयाला आम्ही सर्वाधिक महत्त्व देतो, कारण परिषदेत ऐकलेला एखादा आकडा प्रमाण मानून वर्षाचे जाहिरातीचे अंदाजपत्रक बदलले जाते. व्यासपीठावर यशस्वी मोहिमा सांगितल्या जातात. त्याच पद्धतीने चालवलेल्या आणि फसलेल्या मोहिमांवर सहसा कोणी भाषण देत नाही. शिवाय वक्ता ज्या कंपनीत काम करतो ती एखादे साधन विकत असेल, तर त्या साधनाचे गुण सांगणे हे त्याचे कामच असते. त्यात गैर काही नाही, पण ऐकणाऱ्याने ते ध्यानात ठेवले पाहिजे.

टक्केवारीकडे विशेष लक्ष द्यावे. समजा, एका पानावर येणाऱ्या १,००० जणांपैकी पूर्वी ५ जण खरेदी करत होते आणि बदलानंतर ८ जण करू लागले. ही वाढ ६० टक्के आहे असे सांगता येते आणि ते चूकही नाही, परंतु प्रत्यक्षात प्रमाण ०.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर गेले आणि वाढले तीन ग्राहक, जे केवळ योगायोगानेही वाढू शकतात. म्हणून ‘किती टक्के’ हे ऐकले की ‘कितीपैकी किती, आणि किती काळात’ हे विचारावे. त्याच काळात किंमत उतरवली होती का, हंगाम होता का, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न श्रेयाचा आहे. ग्राहकाने शेवटी ज्या जाहिरातीवर क्लिक केले तिलाच विक्रीचे सगळे श्रेय देण्याची पद्धत अजूनही चालते. पण ती जाहिरात नसती तर तो ग्राहक आला नसता का? ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, सर्च इंजिनवर कंपनीचे स्वतःचे नाव शोधल्यावर दिसणाऱ्या सशुल्क जाहिराती बंद करून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ सगळे क्लिक त्याच पानावरील विनामूल्य निकालांतून परत आले. ज्यांना त्या संकेतस्थळावर जायचेच होते, त्यांच्यासाठी पैसे मोजले जात होते. हे उदाहरण आम्ही मुद्दाम दिले आहे, कारण ते ऐकून आपल्याही जाहिराती उद्याच बंद कराव्यात असे कोणाला वाटेल. ईबे हे सर्वज्ञात नाव आहे. ज्या लहान व्यवसायाच्या नावाच्या शोधावर प्रतिस्पर्धी जाहिरात करत असतील, त्याचा निकाल अगदी वेगळा येऊ शकतो. या संशोधनाचा निकाल उचलून आणू नये, त्याची पद्धत आणावी : एखाद्या भागात किंवा ठरावीक काळासाठी जाहिरात थांबवून, तिच्याविना किती विक्री होते ते स्वतः मोजावे.

वक्त्याला विचारण्यासारखा सर्वांत चांगला प्रश्न ‘हे कुठे चाललं नाही?’ हा होय. अनुभवी माणूस त्याचे उत्तर मनापासून देतो, आणि व्यासपीठावर न सांगितलेला भाग तिथेच कळतो.

परतल्यानंतर

भेटलेल्यांना दोन दिवसांच्या आत लिहावे. आपण उगाच त्रास देत आहोत की काय अशी शंका अनेकांना येते. मात्र संभाषणानंतर आपण समोरच्याला जितके आवडलो असे आपल्याला वाटते, त्याहून प्रत्यक्षात अधिक आवडलेलो असतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. पत्र लहान असावे : ‘नमस्कार. परवा दुपारच्या सत्रानंतर आपण जुन्या ग्राहकांना पुन्हा बोलावण्याबद्दल बोललो होतो. मी उल्लेख केलेला तक्ता सोबत पाठवत आहे. तुम्ही सुरू केलेल्या बदलाचं पुढे काय होतं, हे कळवलंत तर मला नक्की आवडेल.’ त्यात आपल्या कंपनीचे माहितीपत्रक जोडू नये. जे पाठवायचे कबूल केले होते ते आधी पाठवावे, विक्रीचे बोलणे त्यांच्याकडून निघाले तर निघेल.

नोंदींमधून एकच प्रयोग निवडावा. तो कोण करणार, कोणता आकडा पाहणार, तो आकडा आज किती आहे आणि कोणत्या तारखेला थांबून निर्णय घेणार, हे सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावे. निकाल दिसल्यावर मोजमाप बदलण्याचा मोह होतो, म्हणून ही खबरदारी. उरलेल्या कल्पना फेकून द्यायच्या नाहीत, त्या तारखेपर्यंत बाजूला ठेवायच्या.

आमच्या ग्राहकांनी आपल्या नोंदींच्या पानांचे फोटो आणि निघण्यापूर्वी लिहिलेला प्रश्न आमच्याकडे पाठवावा. त्यांतील दावे आपल्या गेल्या वर्षभराच्या आकड्यांशी ताडून, कोणता प्रयोग आपल्याकडील ग्राहकसंख्येत मोजता येण्याजोगा आहे आणि कोणता नाही, हे आम्ही लेखी कळवतो. ग्राहकसंख्या फारच कमी असेल तर प्रयोगाऐवजी थेट काही ग्राहकांशी बोलण्याचा सल्ला देतो आणि विचारायच्या प्रश्नांचा मसुदा करून देतो. पाने पाठवताना भेटलेल्या व्यक्तींची नावे, मोबाइल क्रमांक आणि ई-मेल झाकावेत. त्यांनी ती माहिती आपल्याला दिलेली असते, आम्हाला नव्हे, आणि आमच्या कामासाठी त्यांच्या व्यवसायाचे स्वरूप व बोलण्याचा विषय एवढे कळले तरी पुरते.