डब्यावर २०,००० ल्युमेन, भिंतीवर नुसता पसारा

मागच्या पावसाळ्यात रात्री मुंब्रा बायपासवरून ठाण्याला येताना एक खड्डा मला दिसलाच नाही, म्हणजे दिसला तो चाक त्यात आपटल्यावर, आणि समोरून ट्रकची रांग, काचेवर पाणी, आणि माझ्या गाडीचे हेडलाइट असे की घरचे म्हणतात त्यापेक्षा देवघरातली समई बरी. गाडी १३ वर्षं जुनी हॅचबॅक. त्याच रात्री ठरवलं, आता एलईडी टाकायचे.

स्टेशनजवळच्या एका ॲक्सेसरीच्या दुकानातून जोडी आणली. डब्यावर सोनेरी अक्षरात २०,००० ल्युमेन (म्हणजे एकूण उजेडाचं माप), ६००० केल्विन, प्लग अँड प्ले. आणि खरं सांगतो, बसवायला काहीच नाही. बॉनेट उघडा, हेडलाइटच्या मागचा तीन पिनांचा कपलर ओढा, रबरी कव्हर काढा, तारेची स्प्रिंग क्लिप दाबून बाजूला करा, जुना बल्ब बाहेर. माझ्या गाडीत एच-४ बल्ब आहे, त्याच्या चकतीला तीन कान असतात आणि त्यातला एक वेगळ्या मापाचा, म्हणून तो एकाच दिशेने बसतो, चुकायची सोयच नाही. वीस मिनिटांत दोन्ही बाजू झाल्या, एवढंच की एलईडीच्या मागे पंख्याचं डबडं असल्यामुळे रबरी कव्हर काही केल्या बसेना, ते तसंच अर्धवट दाबून ठेवलं (याचं पुढे येतंच).

गाडी सोसायटीच्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी केली आणि अहाहा. पांढराशुभ्र उजेड, भिंतीवरचं शेवाळ मोजून घ्या. बायको म्हणाली लग्नाच्या हॉलसारखं वाटतंय. मी खूश. तेवढ्यात गेटवरचे वॉचमनमामा हात डोळ्यांवर आडवा धरून आले, "दादा, अपर बंद करा की, काय दिसंना झालंय." गंमत अशी की अपर, म्हणजे लांबवर सरळ जाणारा उजेड, चालूच नव्हता, गाडी डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडावरच होती.

मग एका बाजूला जुना हॅलोजन, म्हणजे आधीचा तारेचा बल्ब, परत टाकला, दुसऱ्या बाजूला एलईडी ठेवला, आणि दोन्ही बाजूंचा उजेड भिंतीवर आळीपाळीने पुठ्ठा धरून बघितला. हॅलोजनचा उजेड पिवळा, कमी, पण त्याला वर एक स्पष्ट कड होती, पट्टीने आखल्यासारखी, आणि डावीकडे ती कड तिरकी वर चढत गेलेली. कडेच्या वर अंधार. एलईडीच्या बाजूला कड नावापुरती, तिच्या वर धुकट पांढरं पसरलेलं, पार भिंतीच्या माथ्यापर्यंत, आणि त्यावरच्या पिंपळाच्या फांदीवरसुद्धा. आता पिंपळावर उजेड पाडून मला काय करायचंय?

ही कड म्हणजेच डिपर. कडेच्या खाली रस्ता, वर समोरच्या माणसाचे डोळे. आणि डावीकडे ती वर चढते कारण आपण डावीकडून गाडी चालवतो, तिकडे समोरून कोणी येत नाही, तिकडे पाट्या, कठडे, फुटपाथवरची माणसं असतात, ती दिसली पाहिजेत.

आता ही कड येते कुठून ते बघा, कारण सगळी भानगड तिथेच आहे. एच-४ हा बल्ब १९७१ सालचा, पण डोकं लावून केलेला. आत दोन फिलामेंट (तापून उजळणाऱ्या तारा), ५५ वॉटची डिपरसाठी आणि ६० वॉटची अपरसाठी. हेडलाइटची चकचकीत वाटी साधारण पॅराबोलाच्या आकाराची, म्हणजे तिच्या एका ठरावीक बिंदूवर, नाभीवर, दिवा ठेवला की उजेड सरळ समांतर बाहेर जातो. अपरची फिलामेंट या नाभीवर. डिपरची मात्र मुद्दाम थोडी पुढे ठेवलेली, त्यामुळे वाटीच्या वरच्या अर्ध्या भागावर आपटलेला उजेड खाली रस्त्यावर वळतो. पण मग खालच्या अर्ध्या भागावर आपटलेला उजेड वर जाईल ना? तो जाऊ नये म्हणून डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटीशी धातूची पन्हाळ बसवलेली असते, नखाएवढी, ती खाली जाणारा उजेड अडवते. जुना बल्ब काढून हातात घ्या (काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तापलेली काच तिथे खराब होते) आणि बघा, ती पन्हाळ साध्या डोळ्यांनी दिसते. त्या पन्हाळीची धार म्हणजेच भिंतीवरची ती कड.

म्हणजे हेडलाइट हा बल्ब नव्हेच, तो बल्ब आणि वाटी यांचा जोडीचा संसार आहे. वाटी बनवणाऱ्याने हिशोब केलाय तो काही मिलिमीटर लांबीच्या, धाग्यासारख्या बारीक फिलामेंटचा, जी सगळ्या बाजूंना सारखी पेटलेली दिसते. आणि आपण तिच्याजागी काय टाकतो? एक सपाट पट्टी, जिच्या डाव्या-उजव्या अंगाला चिप चिकटवलेल्या. एलईडी चिप समोर भरपूर उजेड टाकते आणि कडांकडे कमी कमी होत जाते, म्हणजे या पट्टीचा उजेड डावीकडे-उजवीकडे ढीगभर आणि सरळ वर अगदी थोडा. आणि डिपरला नेमका वाटीचा वरचा भाग हवाय! शिवाय दोन्हीकडच्या चिपच्या मध्ये पट्टीची जाडी आहेच, त्यामुळे चिप फिलामेंटच्या जागेपासून थोड्या सरकलेल्या.

थोड्या म्हणजे किती, तर एखादा मिलिमीटर. त्याने काय होतंय असं मलाही वाटलं होतं, मग पाचवीतल्यासारखा त्रिकोण काढला. समजा वाटीची नाभी २५ मिलिमीटरवर आहे आणि उजेडाचा उगम १ मिलिमीटर सरकला, तर २५ मीटर पुढे तो उजेड १ मीटर सरकतो. एक अख्खा मीटर. डिपर साधारणपणे १० मीटरला १० सेंटिमीटर खाली झुकेल असा लावतात, म्हणजे २५ मीटरला २५ सेंटिमीटर. तिथे आपण मीटरभर इकडचं तिकडे केलं. आणि स्वस्तातल्या जोडीत ही चिप कुठे चिकटवली त्याचा मिलिमीटर कोण मोजत बसलंय.

आता ल्युमेनचं बघू. मल्टीमीटर लावून करंट मोजला, १३.६ व्होल्टला एक बल्ब १.७ ॲम्पिअर घेत होता, म्हणजे जेमतेम २३ वॉट. डब्यावर जोडीला २०,००० म्हणजे एकाला १०,००० ल्युमेन, भागिले २३, दर वॉटला ४३५ च्या आसपास. उजेडाची निसर्गानेच ठरवलेली कमाल मर्यादा दर वॉटला ६८३ ल्युमेन आहे आणि तीसुद्धा सगळा उजेड फक्त हिरवा असेल आणि विजेचा एक कणही उष्णतेत वाया जाणार नसेल तरच, पांढऱ्या उजेडाला ती याच्याही बरीच खाली येते. गरम हेडलाइटमध्ये बसलेल्या अशा बल्बला दर वॉटला १०० मिळाले तरी पुष्कळ, म्हणजे २३०० ल्युमेन. तरीही हॅलोजन डिपरच्या साधारण १००० पेक्षा ते दुप्पट आहेत, नाही कशाला म्हणू. उजेड जास्त आहेच, प्रश्न तो जातो कुठे याचा आहे.

आणि केल्विन म्हणजे ताकद नव्हे, नुसता रंग. हॅलोजन ३२०० च्या आसपास म्हणून पिवळसर, ६००० म्हणजे निळसर पांढरा. एलईडीत मूळ चिप निळीच असते, तिच्यावर पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडातला काही पिवळा करणारा लेप) लावला की दोन्ही मिसळून पांढरं दिसतं. ही निळी चिप जमवायलाच जगाला कित्येक वर्षं लागली आणि त्यासाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना मिळालं, आकासाकी, अमानो आणि नाकामुरा.

मग चालवताना एवढं भारी का वाटतं? कारण पसरलेल्या उजेडातला बराचसा गाडीच्या नाकासमोरच्या पाच-दहा मीटरवर पडतो. तो पट्टा झगझगीत झाला की मेंदू म्हणतो वा, आणि बाहुल्या आक्रसतात, आणि मग लांबचं, जिथे खरं बघायचंय, ते उलट कमी दिसतं. मी गायमुखच्या घाटात हे करून बघितलं. बॉनेटपुढचं डांबर हॉस्पिटलच्या फरशीसारखं लख्ख, आणि वळणावरचा कठडा जुन्या बल्बला जेवढा लांबून दिसायचा त्याहून जवळ आल्यावर दिसला.

पावसात तर विचारूच नका. ओला रस्ता आरशासारखा वागतो, आपला उजेड आपल्याकडे परत न येता पुढे घसरून समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपल्याला रस्ता काळाठिक्कर दिसतो. हे हॅलोजनलाही होतंच. पण एलईडीचा कडेच्या वर सांडलेला उजेड पावसाच्या थेंबांवर पडतो आणि समोर पांढरा पडदा लावल्यासारखं होतं. लोक म्हणतात पांढरा उजेड पावसात चालत नाही, पिवळाच पाहिजे, पण माझ्या मते रंगाला उगाच बदनाम केलंय, मोठा दोष सांडण्याचा आहे.

समोरच्याचं काय होतं तेही बघावं म्हणून मेहुण्याला गाडी दिली आणि मी घोडबंदर रोडच्या आतल्या एका अंधाऱ्या सर्व्हिस रोडवर स्कूटरवर हेल्मेट घालून थांबलो. व्हायझर चार वर्षं जुना, त्यावरचा प्रत्येक ओरखडा एकेक चांदणी झाला. गाडी शेजारून गेल्यावरही डोळ्यासमोर हिरवट डाग तरंगत होता, मनातल्या मनात तीन आकडे मोजले तेव्हा कुठे फुटपाथची कड दिसली. तासाला ६० किलोमीटरने जाणारा तीन सेकंदांत ५० मीटर जातो. ५० मीटर आंधळा. आणि आमच्या इकडे मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड कुठे सुरू होतील याचा नेम नाही. वय वाढलं की डोळ्याच्या भिंगातच उजेड जास्त विखुरतो, त्यामुळे आमचे बाबा रात्री गाडी काढायला नको म्हणतात ते काही भित्रे म्हणून नव्हे.

आपल्याकडे याचा नियम आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा. ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर, आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. पूर्वी टॅक्सी-ट्रकच्या हेडलाइटवर काळा ठिपका किंवा वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग असायचा, आठवतंय? तोही याचसाठीचा गावठी उपाय.

"पण नवीन गाड्यांना कंपनीतूनच एलईडी येतात की", हे मला दुकानदारानेही ऐकवलं. येतात. २००७ च्या लेक्ससपासून येतायत. पण तिथे वाटी, भिंग, चिप, सगळं एकमेकांच्या मापाने बनवलेलं असतं, उधारीचा संसार नसतो. जर्मनीत २०२० मध्ये ओसराम कंपनीच्या एका एच-७ (एच-४ सारखाच बल्बचा आणखी एक प्रकार) एलईडी बल्बला हॅलोजनच्या जागी बसवायची परवानगी मिळाली, तर तीही तपासून यादीत घातलेल्या मॉडेलांपुरतीच, कारण तोच बल्ब एका वाटीत शहाण्यासारखा वागतो आणि दुसरीत नाही. प्रोजेक्टरवाल्या, म्हणजे दिव्यापुढे भिंग असलेल्या गाडीत आत पडदा असतो म्हणून कड तरी टिकते, माझ्यासारख्या नुसत्या वाटीच्या रिफ्लेक्टरवाल्यांचे हाल जास्त.

आणि ते रबरी कव्हर. हॅलोजन आपली बरीचशी उष्णता उजेडाबरोबरच पुढे फेकतो, काच आतून गरम राहते, ओल टिकत नाही. एलईडी पुढे गार, त्याची सगळी उष्णता मागून काढावी लागते, म्हणून तो पंखा. माझं कव्हर अर्धवट, पाऊस ठाण्याचा, आठवड्यात उजव्या हेडलाइटच्या आत दंव साचलं. वर एफएमवर खरखर, ती एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटची. नवीन गाड्यांचा कॉम्प्युटर तर कमी करंट बघून बल्ब गेलाय अशी बोंब मारतो, ते वेगळंच.

शेवटी कळव्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एलईडीकडे बघितलंसुद्धा नाही, मला जुना बल्ब लावायला सांगितला, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर धरला, १३.८. मग बल्बच्या पिनेवर, १२.१. "हे बघा, तुमचा उजेड वायरीतच संपतोय." दोन बल्बचा नऊ-दहा ॲम्पिअर करंट १३ वर्षं जुन्या बारीक वायरीतून आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून येतो, वाटेत पावणेदोन व्होल्ट गळतात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड ३० टक्के पडतो. त्यांनी बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि दोन रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच) टाकले, स्विच आता फक्त रिले ओढतो. पिनेवर १३.४ आले. हिशोब केला तर उजेड ४० टक्क्यांनी वाढला, बल्ब तोच, कड तीच. बल्ब थोडे लवकर जातील, जाऊ देत, स्वस्त आहेत. (१००/९० वॉटचे बल्ब टाकू का विचारलं, तर त्यांनी ड्रॉवरमधून एक वितळलेला कपलर काढून समोर ठेवला.) मग पिवळ्या पडलेल्या काचेला, ती काच नसतेच म्हणा, पॉलिकार्बोनेट असतं आणि उन्हाने पिवळं होतं, पाणी मारत १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर आणि वर कंपाउंड. रबरी कव्हर पुन्हा घट्ट बसलं. भिंतीसमोर १० मीटरवर गाडी लावून मागच्या स्क्रूने कड १० सेंटिमीटर खाली आणली, मामा खुर्चीवरून उठले नाहीत.

एलईडीची जोडी दुकानदार परत घेईना. भाच्याने एक नेला आणि १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर गणपतीच्या मखरामागे लावला, तिथे पसारा उलट छान दिसतो, फक्त आरती संपून सगळे गप्प झाले की मागून पंख्याचं घूं घूं ऐकू येतं.