१०९८-टी आला, पण भरायचा आकडा कुठला? अमेरिकेतल्या कॉलेज फीवरचं टॅक्स क्रेडिट

जानेवारीच्या अखेरीस कॉलेजच्या पोर्टलवर १०९८-टी नावाचा एकपानी फॉर्म येऊन पडतो. ३१ जानेवारीपर्यंत तो देणं कॉलेजला बंधनकारक असतं. पोरं तो उघडतही नाहीत. फार तर स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकतात. मग आई-बाबा त्यातला सगळ्यात मोठा आकडा उचलून टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये टाकतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. हा फॉर्म म्हणजे कॉलेजने आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याला, दिलेली वर्दी. तुम्ही केलेल्या खर्चाचा हिशोब त्यात नसतो, तो आपला आपणच मांडायचा.

भारतात ८०सीखाली मुलांची फी उत्पन्नातून वजा करायची सवय असते, त्यामुळे अनेकांना कॉलेज फीवरचं हे क्रेडिटही वजावटच वाटतं. पण क्रेडिट थेट करातून कमी होतं. हजार डॉलरचं क्रेडिट मिळालं की कर हजार डॉलरने उतरतो.

क्रेडिटं दोन आहेत. बॅचलर्सच्या मुलांसाठी अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी: पहिल्या २,००० डॉलर खर्चावर पूर्ण, पुढच्या २,००० वर पंचवीस टक्के, म्हणजे दर मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त २,५००. त्यातले चाळीस टक्के, म्हणजे १,००० पर्यंत, कर शून्य असला तरी रिफंड म्हणून हातात येतात. मूल पदवीच्या अभ्यासक्रमात हवं, वर्षात निदान एका सत्रात अर्धवेळ तरी शिकत असावं आणि ड्रग्जच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेलं नसावं. एका मुलासाठी हे चारच करवर्षं मागता येतं. दुसरं लाइफटाइम लर्निंग: १०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या वीस टक्के, कमाल २,०००, तेही मुलामागे नाही तर अख्ख्या रिटर्नमागे, आणि रिफंड काही नाही. मास्टर्स करणारे, नोकरी सांभाळून एखादा कोर्स घेणारे यांच्यासाठी ते. एकाच मुलासाठी एकाच वर्षी दोन्ही मागता येत नाहीत.

चार वर्षांची मेख अशी की ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपणारं कॉलेज पाच कॅलेंडर वर्षांना शिवतं. पहिल्या वर्षी स्कॉलरशिपमुळे खर्च अगदी थोडा असेल, तर ते वर्ष सोडून शेवटच्या सहा महिन्यांसाठी क्रेडिट राखून ठेवलेलं बरं.

आता फॉर्म. चौकट १ मध्ये कॉलेजला त्या वर्षी मिळालेली फी असते, चौकट ५ मध्ये स्कॉलरशिप आणि ग्रँट. चौकट ७ वर खूण असेल तर पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची फीही चौकट १ मध्ये धरलेली आहे. डिसेंबरमध्ये भरलेली स्प्रिंगची फी भरली त्याच वर्षात मोजायची, पुढच्या वर्षी परत मोजायची नाही. मुलाच्या नावावर कर्ज काढून भरलेली फीसुद्धा धरायची, ज्या वर्षी ती कॉलेजला पोचली त्या वर्षी. हप्ते फेडाल तेव्हा नाही.

समजा, चौकट १ मध्ये १४,००० आणि चौकट ५ मध्ये ११,५०० आहेत. खिशातून गेले २,५००. पुस्तकं आणि कोर्ससाठी लागणारं सामान ९०० चं. हे ९०० फॉर्मवर कुठेच दिसत नाहीत, कारण पुस्तकं कॉलेजकडून घेतलेली नाहीत. पण अमेरिकन ऑपॉर्च्युनिटीत ती चालतात, कुठूनही घेतलेली असोत. कोर्सला लॅपटॉप लागतच असेल तर तोही. एकूण ३,४००, म्हणून क्रेडिट २,००० अधिक १,४०० चे पंचवीस टक्के: २,३५०. राहणं, जेवण, आरोग्य विमा, विमानाची तिकिटं यातलं काहीही धरायचं नाही, वसतिगृहाचं बिल कितीही टोचत असलं तरी.

अजून एक सोय आहे, जी फार थोडे लोक वापरतात. स्कॉलरशिप राहण्या-जेवणावर खर्च करायला परवानगी असेल, तर वरच्या उदाहरणात तिच्यातले ६०० डॉलर राहण्या-जेवणावर गेले असं धरून मुलाचं करपात्र उत्पन्न म्हणून दाखवता येतात. मग क्रेडिटसाठी धरायचा खर्च ४,००० होतो आणि क्रेडिट पूर्ण २,५००. मुलाचं उत्पन्न कमी असेल तर त्या ६०० वर बहुधा काहीच कर बसत नाही. ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) मात्र फीचे तेच पैसे काढले असतील तर त्या रकमेवर क्रेडिट मागू नका. एकाच डॉलरवर दोन सवलती मिळत नाहीत.

क्रेडिट कोणी मागायचं? मूल आई-बाबांच्या रिटर्नवर डिपेंडंट (अवलंबून असलेलं) असेल तर आई-बाबांनी, फी मुलाने स्वतः भरली असली तरी. उत्पन्नाची मर्यादा दोन्ही क्रेडिटांना सारखीच: एकट्याच्या रिटर्नला ८०,००० पासून क्रेडिट घटू लागतं आणि ९०,००० ला संपतं, जोडीने भरलं तर १,६०,००० ते १,८०,०००. पती-पत्नी वेगवेगळे रिटर्न भरत असतील तर क्रेडिट नाहीच. आयटीत दोघंही नोकरीला असलेली आपली बरीच घरं उत्पन्नाच्या या मर्यादेतच गळतात.

अशा घरांसाठी एक वाट आहे. मुलाला डिपेंडंट दाखवण्याचा हक्क आई-बाबांनी सोडायचा, म्हणजे क्रेडिट मुलाला मागता येतं. आई-बाबांचं त्यात ५०० डॉलरचं डिपेंडंट क्रेडिट जातं. मुलाने २०२५ मध्ये इंटर्नशिपमधून ३०,००० कमावले असतील, तर १५,७५० ची स्टँडर्ड डिडक्शन जाऊन त्याचा फेडरल कर साधारण १,४७० डॉलर होतो आणि क्रेडिटने तो सगळा पुसला जातो. रिफंडचा भाग मात्र चोवीस वर्षांखालच्या बहुतेक मुलांना मिळत नाही, म्हणून मुलाचं उत्पन्न नसेल तर या उचापतीत पडू नका.

एच-४ वरच्या (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांच्या घरी हा परिच्छेद दोनदा वाचा. २०२५ या करवर्षापर्यंत आयटीआयएनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणाऱ्या करनंबरवर) क्रेडिट मागता येत होतं. २०२६ पासून, म्हणजे २०२७ मध्ये भरायच्या रिटर्नपासून, क्रेडिट मागणारा आणि विद्यार्थी दोघांचेही काम करण्यास पात्र असे सोशल सिक्युरिटी नंबर लागतात. इथल्याच शाळेत वाढलेल्या, पण नंबर नसलेल्या मुलाचं क्रेडिट यातून सरळ जातं. अन्यायच आहे, पण कायदा असा आहे.

पुण्या-मुंबईहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मास्टर्सला आलेल्यांचं प्रकरण आणखी वेगळं. पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही करासाठी सहसा नॉनरेसिडेंट असता (ऑगस्टमध्ये उतरलात तरी ते वर्ष पूर्ण धरतात), आणि नॉनरेसिडेंटला ही क्रेडिटं नाहीत. रूममेटने नेहमीच्या सॉफ्टवेअरवर १०४० (रहिवाशांचा नेहमीचा रिटर्न फॉर्म) भरून हजार डॉलर आणले म्हणून तुम्ही भरू नका. तुमचा फॉर्म १०४०-एनआर (नॉनरेसिडेंटचा रिटर्न), आणि सोबत व्हिसावरच्या वास्तव्याची माहिती देणारा ८८४३; कमाई शून्य असली तरी ८८४३ जातोच. त्याऐवजी तुमच्यासाठी भारत-अमेरिका करकरारातलं कलम २१ आहे: भारतीय विद्यार्थ्याला नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन घेता येते. ती विसरू नका.

प्रत्यक्ष अर्ज असा वेगळा नसतो. १०४० सोबत फॉर्म ८८६३ जोडायचा, त्यात विद्यार्थ्याचं नाव, नंबर आणि कॉलेजचा ईआयएन, म्हणजे करासाठीचा ओळख क्रमांक, जो १०९८-टीवरच छापलेला असतो. खर्चाचा आकडा मात्र बर्सर ऑफिसच्या (कॉलेजच्या फी विभागाच्या) खात्याच्या उताऱ्यावरून घ्या. फी कोणत्या तारखेला जमा झाली ते त्यातच कळतं. उतारा, पुस्तकांच्या पावत्या, स्कॉलरशिपचं पत्र आणि ज्यात पुस्तकं-सामान सांगितलंय तो कोर्सचा सिलॅबस एका फोल्डरमध्ये ठेवा. आयआरएसने विचारलं तर हेच दाखवायचं. बेपर्वाईने खोटं क्रेडिट मागितल्याचं ठरलं तर पुढची दोन वर्षं ते मिळत नाही.

राहून गेलेलं क्रेडिट रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स हा दुरुस्तीचा रिटर्न भरून मागता येतं. आमच्या घरी दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तकांच्या पावत्या ऑनलाइन ऑर्डरींच्या यादीत सापडल्या, ९०० डॉलरच्या. फीचे पहिले २,००० आधीच मोजलेले होते, म्हणून त्या नऊशेवर पंचवीस टक्क्यांनी २२५ डॉलर परत आले.