राजकीय जाहिरात कोणती, हे ठरवायचं कोणी?

१८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात झालेली शरद पवारांची सभा काही तासांत राज्यभरातल्या मोबाइलवर पोहोचली. त्यानंतर बाराच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, ट्विटरच्या प्रमुखाने जगभर राजकीय जाहिराती बंद करत असल्याचं जाहीर केलं. राजकीय संदेशाने पोच कमवावी, विकत घेऊ नये, हे त्यामागचं कारण. बंदी २२ नोव्हेंबरपासून लागू झाली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण कमावलेली पोच म्हणजे काय हे सातारकरांना समजावून सांगावं लागत नाही. फक्त ती कमवायला पन्नास वर्षांचं राजकारण गाठीशी लागतं. सांगली जिल्ह्यातल्या जतसारख्या अवाढव्य तालुक्यात पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या अपक्षाला पाचशे रुपये भरून पोस्ट ‘बूस्ट’ करणं, म्हणजे ती जास्त लोकांना दाखवणं, हाच परवडणारा प्रचार असतो, याचा विचार त्या बंदीत दिसत नाही.

त्याच नोव्हेंबरात गूगलने दरवाजा बंद न करता अरुंद केला. निवडणुकीच्या जाहिराती वय, लिंग आणि पिनकोडपर्यंतच्या पत्त्यावरूनच नेमून दाखवता येतील, असं ठरलं. लिंक्डइनने आदल्याच वर्षी राजकीय जाहिराती थांबवल्या होत्या. टिकटॉकनेही ऑक्टोबर २०१९ मध्ये तेच केलं.

आपल्याकडे त्याआधीची चौकट सरकारी होती. केबलच्या १९९४ च्या नियमांत राजकीय जाहिरातीला मनाई होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पूर्वप्रमाणनाची, म्हणजे जाहिरात आधी तपासून मंजूर करून घेण्याची, अट घालून वाट मोकळी झाली आणि २०१३ मध्ये निवडणूक आयोगाने तीच अट समाजमाध्यमांना लावली. उमेदवाराने जाहिरात दाखवण्याच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, हा नियम टीव्हीच्या काळातला. सकाळी आरोप आणि दुपारी उत्तराची पोस्ट, हा वेग त्यात बसत नाही.

खरा गुंता ‘राजकीय’ या शब्दात आहे. २०१९ च्या लोकसभेआधी गूगलने भारतासाठी जी व्याख्या केली, तिच्यात पक्ष, उमेदवार आणि लोकसभा-विधानसभेचे विद्यमान सदस्य आले. फेसबुकने फेब्रुवारी २०१९ पासून जाहिरातीखाली पैसे देणाऱ्याचं किंवा प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव दाखवायला सुरुवात केली आणि सामाजिक विषयांच्या जाहिरातींनाही हा नियम २०२१ च्या अखेरीस लावला. ट्विटरने उमेदवार, पक्ष आणि कायद्याविषयीचा प्रचार बंद केला, मात्र एखाद्या सामाजिक प्रश्नाबद्दल जागृतीला अटींसह मुभा ठेवली.

आता ही मोजपट्टी सांगली जिल्ह्यात लावून बघा. साखर कारखाना उसाच्या पहिल्या उचलीचा (पहिल्या हप्त्याचा) दर जाहीर करतो आणि वर अध्यक्षांचा हसरा फोटो छापतो. तेच अध्यक्ष आमदार असतील तर गूगलच्या व्याख्येत ती जाहिरात निवडणुकीची ठरू शकते. फोटो काढला आणि दर तेवढा ठेवला, तर ती व्यवसायाची. सभासद दोन्ही सारख्याच अर्थाने वाचतो. ‘म्हैसाळचं पाणी आलं’ ही सिंचन योजनेबद्दलची पोस्ट वृत्त, सामाजिक विषय की प्रचार? विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं आणि गळीत हंगाम नेमका तोंडावर आला होता, त्यामुळे अशी सरमिसळ काही अपवादाने घडणारी गोष्ट नव्हती. वाढदिवसाच्या शुभेच्छा तर कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून वीस नावं असतात, पैसे कोणी दिले ते नसतं. निर्णय मात्र कंपनीची यंत्रणा घेते, आणि तिला ऊसदर आणि गटबाजी यांचं नातं माहीत असायचं कारण नाही.

पुढे मालक बदलला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर नव्या हातात गेलं आणि जानेवारी २०२३ मध्ये बंदी सैल करायला सुरुवात झाली. तत्त्व म्हणून सांगितलेली गोष्ट सव्वातीन वर्षांत मागे पडली.

युरोपात उलटं झालं. राजकीय जाहिरातींच्या पारदर्शकतेचा कायदा १० ऑक्टोबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला आणि गूगल व मेटा (फेसबुकची कंपनी) दोघांनीही त्याआधीच तिथल्या राजकीय जाहिराती थांबवल्या. त्यांची तक्रार पुन्हा व्याख्येचीच होती: ती फार व्यापक, पाळायला अवघड.

भारतात या दोघांच्या खिडक्या उघड्या आहेत. पण गावोगावची बातम्यांची पेजेस आणि रील करणारी मुलं त्या खिडकीवर येतच नाहीत. तिथला व्यवहार रोख होतो. २००९ च्या निवडणुकीत वर्तमानपत्रांच्या संदर्भात गाजलेला ‘पॅकेज’, म्हणजे पैसे घेऊन बातम्या छापण्याचा सौदा, हा शब्दच तिथे चालतो.