एका मिलिव्होल्टची किंमत

तानपुरा लावताना आधी खुंटी पिळतात, मग मणी सरकवतात. खुंटी जराशी फिरली तरी स्वर कुठल्या कुठे जातो. मण्याचा पल्ला छोटा, पण तो केसभरही हलवता येतो. ठरावीक वारंवारतेची विद्युत कंपने निर्माण करणारे मंडल म्हणजे ऑसिलेटर. व्होल्टेज देऊन ज्याची वारंवारता बदलता येते तो ऑसिलेटर, म्हणजे व्हीसीओ, खुंटीच्या जातीचा.

त्याच्या पोटात बहुधा व्हॅरॅक्टर डायोड असतो. डायोडवरचा उलटा व्होल्टेज वाढला की त्याची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, घटते आणि वारंवारता चढते. एका व्होल्टला ती किती सरकते, हा आकडा मी डेटाशीटमध्ये सगळ्यात आधी शोधतो. समजा, तो 50 मेगाहर्ट्झ आहे. मग नियंत्रणाच्या तारेवर अवघा 1 मिलिव्होल्ट गोंगाट शिरला, तरी वारंवारता 50 किलोहर्ट्झने हलते. एफएम केंद्र गाणे पोचवताना आपली वाहक लहर जास्तीत जास्त 75 किलोहर्ट्झ इकडेतिकडे झुलवते. एका मिलिव्होल्टचा हा हिसका त्याच्या दोन तृतीयांश आहे!

म्हणून स्थिरतेचा कोणताही आकडा दिसला, की 'कशाच्या तुलनेत?' हे विचारावे. पुरवठ्याचा व्होल्टेज बदलल्यावर वारंवारता सरकते ते पुशिंग, पुढे जोडलेला भार बदलल्यावर सरकते ते पुलिंग. तापमान आणि वय यांचे हिशेब आणखी वेगळे.

मण्याचे काम क्वार्ट्झचा स्फटिक करतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. 20 पीपीएम, म्हणजे दशलक्षात 20 भागांची चूक, त्याला दिवसाला सुमारे 1.7 सेकंद मागे-पुढे नेते. स्फटिकाच्या व्हीसीओला, म्हणजे व्हीसीएक्सओला, व्होल्टेजने साधारण शंभर पीपीएमच ओढता येते: 10 मेगाहर्ट्झवर फक्त 1 किलोहर्ट्झ. पल्ला इतका तोकडा आहे म्हणूनच तो नियंत्रणाच्या तारेवरच्या गोंगाटाने फारसा डळमळत नाही.

पल्लाही हवा आणि स्थिरताही हवी, तर व्हीसीओला पीएलएलने, म्हणजे दोघांची सतत तुलना करून व्हीसीओचा व्होल्टेज दुरुस्त करणाऱ्या मंडलाने, स्फटिकाशी बांधतात. मंद घसरण मग आपोआप सावरली जाते. पण पीएलएलच्या आवाक्यापेक्षा जलद थरथर तशीच उरते, ती व्हीसीओची स्वतःची. त्यामुळे फेज नॉइजचा, म्हणजे अशा थरथरीचा, आकडा वाचताना तो वाहक लहरीपासून किती अंतरावर मोजला आहे हे पाहावे, आणि ते अंतर आपल्या पीएलएलच्या आवाक्यात येते की बाहेर, हेही.